पंचेचाळीस बाणांचा हिशोब

दर चार वर्षांनी एक मथळा ठरलेला असतो. ‘दीपिकाचे स्वप्न पुन्हा भंगले.’ लंडन २०१२, रिओ २०१६, टोकियो आणि मग पॅरिस २०२४. शहर बदलते, मथळा तोच राहतो. त्याखालची चर्चाही तीच असते. एक म्हणतो, बाकी सगळीकडे जिंकते, ऑलिम्पिकलाच काय होते? दुसरा म्हणतो, दडपण झेपत नाही. तिसरा विचारतो, किती वेळा संधी द्यायची? मग चार-सहा दिवसांत विषय मागे पडतो आणि आपण क्रिकेटकडे वळतो. पुढची चार वर्षे दीपिका कुमारी कुठे खेळते, कुणाला हरवते, कुणाकडून हरते, याची विचारपूस कुणी करत नाही.

हा मथळा मला पटत नाही. देशाच्या एखाद्या खेळाडूवर टीकाच करू नये, असे माझे म्हणणे नाही. टीका जरूर करावी; पण ती हिशोबाने करावी. म्हणून आधी साधा हिशोब मांडू.

ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याची वैयक्तिक लढत ७० मीटरवरून होते. निशाणाची तबकडी १२२ सेंटिमीटर व्यासाची आणि तिच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढे. दोघी आळीपाळीने बाण सोडतात. एका सेटमध्ये प्रत्येकीला तीन बाण. सेट जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली तर एक-एक. आधी सहा गुण करील ती जिंकली. सेट जास्तीत जास्त पाच, म्हणजे पंधरा बाण. एका बाणाला वीस सेकंद. पाच सेटनंतरही बरोबरी राहिली तर दोघींना एकेक बाण, आणि ज्या बाणाचे गुण जास्त किंवा जो केंद्राला जवळ, त्याचा विजय.

आता दीपिकाच्या चार ऑलिम्पिकमधल्या वैयक्तिक लढती मोजा. एकूण बारा. त्यातल्या आठ तिने जिंकल्या, चार हरली. लंडनला पहिल्याच फेरीत ब्रिटनच्या एमी ऑलिव्हरकडून २-६. रिओला उपउपांत्यपूर्व फेरीत तैवानच्या तान या-तिंगकडून ०-६. टोकियोला उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या आन सानकडून ०-६. पॅरिसला त्याच फेरीत कोरियाच्याच नाम सु-ह्योनकडून ४-६. या चार लढतींत तिने सोडलेले बाण होतात बारा, नऊ, नऊ आणि पंधरा. एकूण पंचेचाळीस. वीस सेकंदांच्या हिशोबाने फार तर पंधरा मिनिटे.

पंधराहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीवर आपण जो शिक्का मारतो, तो मुख्यतः या पंधरा मिनिटांवर.

शेवटच्या दोन पराभवांत समोर कोण होत्या, तेही पाहायला हवे. टोकियोत तिला हरवणारी आन सान त्या स्पर्धेची सुवर्णविजेती ठरली. पॅरिसमध्ये तिला हरवणारी नाम सु-ह्योन रौप्य घेऊन गेली. पॅरिसच्या त्या लढतीत दीपिका तीन सेटनंतर ४-२ ने पुढे होती. पुढचे दोन्ही सेट ती २७-२९ असे हरली. दोन सेट, प्रत्येकी दोन गुणांचा फरक. बशीच्या काठाच्या आत आणि बाहेर एवढेच अंतर असते. खेळात हरणे म्हणजे हरणेच, त्यात सवलत नसते, हे मान्य. पण हरणे वेगळे आणि ‘नापास होणे’ वेगळे. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो.

आता वहीचे दुसरे पान. हे पान आपल्याकडे सहसा उघडले जात नाही.

रांचीजवळच्या रातू चट्टीची ही मुलगी २००९ मध्ये, पंधराव्या वर्षी, अमेरिकेतल्या ऑग्डेनला कॅडेट गटाची जगज्जेती झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके घेतली. एक वैयक्तिक आणि एक डोला बॅनर्जी व बोंबायला देवी यांच्यासोबत सांघिक. २०११ मध्ये तुरिनच्या आणि २०१५ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिला संघाने रौप्य मिळवले. दोन्ही संघांत ती होती. २०१२ मध्ये अंताल्याला विश्वचषकाचे वैयक्तिक सुवर्ण आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. २०१६ मध्ये शांघायला पात्रता फेरीत ७२० पैकी ६८६ गुण, म्हणजे त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी. २०१८ ला सॉल्ट लेक सिटी आणि २०२१ ला ग्वाटेमाला सिटी येथे पुन्हा वैयक्तिक सुवर्ण. जून २०२१ मध्ये पॅरिसच्या विश्वचषकात एकाच दिवशी तीन सुवर्ण: वैयक्तिक, सांघिक आणि पती अतनू दाससोबत मिश्र दुहेरीत. त्यानंतर पुन्हा जगात पहिला क्रमांक. वर्षअखेरीच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत, जिथे निवडक तिरंदाजांनाच प्रवेश मिळतो, तिची पाच रौप्यपदके आहेत.

या स्पर्धांत कोरिया खेळत नव्हता का? चीन, तैवान, अमेरिका घरी बसले होते का? अंताल्याच्या अंतिम फेरीत तिने कोरियाच्याच खेळाडूला हरवले होते. धनुष्य तेच, अंतर तेच, तबकडीही तीच. फरक इतकाच की ते सामने आपण पाहत नव्हतो. आपण पाहिले नाही म्हणून ते यश लहान ठरत नाही.

पॅरिसची ती लढत शनिवारी, ३ ऑगस्टला आपल्याकडच्या संध्याकाळी झाली. मी ती चार-पाच जणांसोबत मोबाइलवर पाहिली. चौथा सेट गेला तसा एकजण म्हणाला, “आता संपलं, हिचं मन कच्चं आहे.” याच माणसाने अर्ध्या तासापूर्वी मला विचारले होते की, सेट म्हणजे किती बाणांचा? खेळाचा नियम ठाऊक नाही, पण खेळाडूच्या मनाचे निदान तयार! मी त्याला दोष देत नाही. त्याने हे निदान वृत्तवाहिन्यांवरून उचलले होते.

‘मन कच्चं’ या शब्दाशी मात्र नीट भिडायला हवे. कारण त्यात थोडे तथ्य आहे. ऑलिम्पिकच्या मोठ्या लढतींत दीपिकाचे काही बाण घसरले, हे खरेच. टोकियोत आन सानविरुद्ध दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटमध्ये आन सानने फक्त २६-२६ केले होते. दीपिकाने दोन्हींत २४ केले. तिच्या नेहमीच्या दर्जाने ते सेट जिंकण्यासारखे होते. तिने स्वतःही मुलाखतींतून दडपणाची गोष्ट लपवलेली नाही. तेव्हा दडपण होते का, हा वादाचा मुद्दाच नाही.

पण त्याच टोकियोत, आन सानच्या आधीच्या लढतीत, रशियाच्या सेनिया पेरोवाशी ५-५ अशी बरोबरी झाली आणि निकाल एका बाणावर आला. पेरोवा म्हणजे रिओची सांघिक रौप्यविजेती. त्या एका बाणावर दीपिकाने दहा गुण मारले. पॅरिसमध्येही पहिलीच लढत एस्टोनियाच्या खेळाडूविरुद्ध एका बाणावर गेली आणि तीही तिने जिंकली. एका बाणावर सगळे अवलंबून असताना दहा मारणारे मन कच्चे कसे? एकच माणूस सकाळी पोलादी आणि दुपारी मऊ असू शकतो. सगळी माणसे अशीच असतात. म्हणूनच मनाची तयारी हा नशिबाचा भाग न मानता सरावाचा भाग मानावा लागतो. आणि सराव म्हटला की प्रश्न एकट्या खेळाडूपाशी थांबत नाही, व्यवस्थेपर्यंत जातो.

कोरियाचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धे देतात. १९८८ पासून २०२४ पर्यंत महिलांचे सांघिक सुवर्ण प्रत्येक वेळी, सलग दहा वेळा, कोरियाने घेतले. पॅरिसमध्ये तर तिरंदाजीची पाचही सुवर्णपदके त्यांची. हे काही कोरियन रक्तातून येत नाही. ते लोक गोंगाटाचा सराव करतात. बेसबॉलच्या भरल्या मैदानात, हजारो प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात त्यांचे तिरंदाज बाण सोडतात. ऑलिम्पिकचे मैदान जसे असेल तशी प्रतिकृती आपल्या प्रशिक्षण केंद्रात उभी करून त्यात खेळाडूंना उतरवतात. ह्युंदाई हा उद्योगसमूह १९८५ पासून त्यांच्या तिरंदाजी संघटनेच्या पाठीशी उभा आहे. आणि संघनिवड इतकी निष्ठुर की टोकियोत तीन सुवर्णे जिंकणारी आन सान पॅरिसच्या संघात येऊ शकली नाही. नाव मोठे म्हणून जागा मिळत नाही. म्हणून तिथे कुणा एकीच्या खांद्यावर सगळ्या देशाचे ओझेही येत नाही. एक अडखळली तर दुसरी असते.

आपल्याकडे काय घडले, ते तारखांसह पाहा.

ऑगस्ट २०१९. भारतीय तिरंदाजी संघटनेत दोन गट, दोघांनी वेगवेगळ्या निवडणुका घेतलेल्या. जागतिक संघटनेने कंटाळून भारताला निलंबित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँकॉकला टोकियोची पात्रता स्पर्धा झाली. दीपिकाने ती जिंकली आणि भारतासाठी ऑलिम्पिकचे स्थान मिळवले; पण छातीवर भारताचे नाव नव्हते. आपले तिरंदाज तिथे तटस्थ खेळाडू म्हणून उतरले होते. पदाधिकाऱ्यांच्या खुर्चीच्या भांडणाची किंमत कुणी चुकवली, हे सांगायला नको. निलंबन उठले ते जानेवारी २०२० मध्ये, नव्या निवडणुकीनंतर.

जुलै २०२१, टोकियो. महिनाभरापूर्वी पॅरिसमध्ये मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकलेली दीपिका-अतनू जोडी ऐन ऑलिम्पिकमध्ये फुटली. मानांकन फेरीत प्रवीण जाधवचे ६५६ गुण झाले, अतनूचे ६५३. तीन गुणांच्या फरकावर प्रवीणची निवड झाली. इथे प्रवीणला बोल लावणे अन्यायाचे होईल. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा हा मुलगा क्रीडा प्रबोधिनीतून, पुढे लष्करातून तिथवर पोहोचला होता. त्याने आपले काम चोख केले. नियमच आधी तसा ठरला असेल तर तोही समजू शकतो. पण मग या दोघांना एकत्र सरावाची, स्पर्धेची संधी आधी का मिळाली नव्हती? पहिल्यांदाच जोडीने उतरलेल्या या दोघांनी तैवानला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून २-६ असे हरले.

जुलै २०२४, पॅरिस. भारतीय संघाला घडवण्यासाठी आणलेले कोरियन प्रशिक्षक बेक वूंग-की यांना ऑलिम्पिकचे ओळखपत्रच मिळाले नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला कोरियन महिला संघाला सुवर्ण मिळाले तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच होते. स्पर्धा तोंडावर असताना त्यांना परत जावे लागले. पुढे आपला महिला संघ उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून ०-६ असा हरला. प्रशिक्षक असते तर जिंकलोच असतो, असा दावा मी करणार नाही. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरला शाळेबाहेर उभे करायचे आणि निकालानंतर मुलीला म्हणायचे, तुझं मन कच्चं! हा न्याय कुठला?

प्रशिक्षक, जोडी, झेंडा या तिन्ही बाबतींत ज्यांनी निर्णय घेतले, त्यांतल्या कुणाच्या नावाने कधी मथळा झाल्याचे तुम्हाला आठवते? मला तरी नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. दीपिकावर लिहिताना पहिल्या परिच्छेदात ‘ऑटोरिक्षाचालकाची मुलगी’ आणि ‘दगडाने आंबे पाडणारी’ हे आलेच पाहिजे, असा जणू नियम आहे. वडील रिक्षा चालवत, आई परिचारिका होती, आणि घरची परिस्थिती बेताची होती, हे खरेच आहे. २००५ मध्ये ती खरसावांच्या अर्जुन तिरंदाजी अकादमीत गेली, ती बांबूच्या धनुष्यावर शिकली. वर्षभराने जमशेदपूरच्या टाटा तिरंदाजी अकादमीत निवड झाली. तिथे आधुनिक धनुष्य मिळाले आणि महिना पाचशे रुपये विद्यावेतन. हा प्रवास मोठाच आहे. पण आंब्याची गोष्ट आपल्याला इतकी का आवडते? कारण त्या गोष्टीत कुणाचीच जबाबदारी नसते. पोरीत उपजत गुण होते, पोरगी पुढे गेली. अकादमी, धनुष्य, वसतिगृह, दोन वेळचे जेवण, हे सगळे त्या गोष्टीतून गळून पडते.

रिकर्व्ह धनुष्याचा स्पर्धेचा पूर्ण संच आज लाखांच्या घरात जातो. झारखंडमध्ये नेम चांगला असलेल्या हजारो मुली असतील. टाटा अकादमीची जागा त्यातल्या मोजक्याच मुलींना मिळाली. दीपिकाची कहाणी ही ‘गरिबीवर मात’ असण्याआधी, योग्य वयात योग्य दार उघडल्याची कहाणी आहे. ज्यांच्यासाठी ते दार उघडले नाही, त्या मुलींची कहाणी कुणी लिहीत नाही. त्यांना आंबे पाडता येत नव्हते म्हणून नव्हे.

शाळेत आपण सगळ्यांनी अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसल्याची गोष्ट ऐकली आहे. मास्तर ती एकाग्रतेसाठी सांगतात. पण त्या गोष्टीत पक्षी टांगणारा गुरू आहे, मोकळे मैदान आहे, आणि शिष्याची पोटाची काळजी मिटलेली आहे. शेजारीच दुसरी गोष्ट एकलव्याची आहे, जिथे यातले काहीच नाही आणि वर अंगठाही गेला. आपल्या देशातला अनेकांना ठाऊक असलेला एक मोठा क्रीडा सन्मान अर्जुनाच्या नावाचा आहे. दीपिकाला तो २०१२ मध्येच मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्रीही. पुरस्कार अर्जुनाचा द्यायचा आणि सोयी एकलव्याच्या, ही आपली जुनी रीत आहे.

पॅरिसला ती गेली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये बाळंतपण. त्यानंतर खांदा, पाठ, पोट यांचे स्नायू पुन्हा उभे करायचे, कारण हे धनुष्य प्रत्येक बाणाला सुमारे वीस किलोच्या जोराने ओढावे लागते आणि सरावात असे शेकडो बाण रोज सुटतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या संघात ती नव्हती. लोकांनी मनातल्या मनात तिला निवृत्त केलेच होते. एप्रिल २०२४ मध्ये तिने शांघायच्या विश्वचषकात वैयक्तिक रौप्य घेतले. पॅरिसच्या पराभवानंतर अडीच महिन्यांत विश्वचषक अंतिम स्पर्धेचे पाचवे रौप्य घेतले. मे २०२५ मध्ये शांघायलाच कांस्य. मन कच्चे असलेली बाई हे करते?

हे सगळे मी आज का लिहितो आहे? केवळ दीपिकासाठी नाही. २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला. त्याने अंतिम लढतीत दीडशे पैकी दीडशे गुण घेतले. दोघेही साताऱ्यात एकाच अकादमीत, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. कंपाऊंड प्रकार आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हता. २०२८ च्या लॉस एंजेलिसला त्याची मिश्र दुहेरी पहिल्यांदा खेळवली जाणार आहे. म्हणजे आता महाराष्ट्रातली मुलेही त्या पंधरा मिनिटांच्या तराजूत बसू शकतात. आज आपण त्यांच्या जगज्जेतेपदाच्या पोस्ट पुढे पाठवतो आहोत. उद्या तिथे एखादा बाण नऊवर गेला तर त्यांच्याही मनाचे निदान करणार आहोत का?

तिरंदाजीतून भारताला काहीच मिळाले नाही, हेही खोटे आहे. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये हरविंदर सिंगने वैयक्तिक सुवर्ण जिंकले. शीतल देवी आणि राकेश कुमार यांनी मिश्र दुहेरीत कांस्य. पॅरिस ऑलिम्पिकमध्येच अंकिता भकत आणि धीरज बोम्मदेवरा कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले होते. त्यांच्या पिढीने डोळे उघडले तेव्हा भारतीय मुलगी जगात पहिली असते, ही गोष्ट नवलाची राहिली नव्हती. ती दीपिकाने साधी करून ठेवली होती. पदकतालिकेत याचा रकाना नसतो.

लॉस एंजेलिसला दीपिका असेल की नाही, हे निवड चाचणी ठरवेल आणि तिथे नावाला एकही गुण मिळू नये, असेच माझे मत आहे. ती असो वा दुसरी कुणी. पण स्पर्धेच्या सहा महिने आधी आपण काही प्रश्न विचारायला हवेत. प्रशिक्षक कोण आहे आणि त्याचे ओळखपत्र आले का? मिश्र जोडी कशी ठरणार आणि ती एकत्र किती स्पर्धा खेळली? संघासोबत मानसोपचारतज्ज्ञ जाणार की आणखी एक पदाधिकारी? हे प्रश्न विचारण्यासाठी तिरंदाजी येण्याची गरज नाही. एवढे विचारून झाल्यावरही बाण चुकला, तर मग खुशाल मथळा द्या.